एडवर्ड ब्राउन : इराणची बाजू घेणारे फारसीचे पंडित

जुने दप्तर

1877 साली रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा इंग्लंडमधील एका सधन घरातला पंधरा वर्षांचा मुलगा रणांगणाच्या बातम्या अधाशासारखा वाचत होता. आजूबाजूला तुर्कांविरुद्ध बोलणारे पुष्कळ होते आणि त्या एकतर्फी बोलण्यामुळेच त्याचे मन हरत चाललेल्या तुर्कांकडे ओढले गेले. डिसेंबरात तुर्कांच्या ताब्यातले प्लेव्हना हे ठाणे पडले, तेव्हा स्वतःच्या देशावर संकट कोसळावे तसा शोक आपण केला, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. तुर्की सैन्यात अधिकारी व्हायचे म्हणून तो पुस्तकावरून तुर्की शिकू लागला. युद्ध संपले आणि सैन्यात जाणे राहून गेले, पण भाषा सुटली नाही. उस्मानी तुर्कीतील शिष्ट वाङ्मय फारसी आणि अरबी यांच्या आधारावाचून नीट कळत नाही, म्हणून त्या दोन्ही भाषा ओघाने आल्या. त्यांतल्या फारसीने त्याला कायमचे धरून ठेवले.

हा मुलगा म्हणजे एडवर्ड ग्रॅनव्हिल ब्राउन (1862-1926). वडील न्यूकॅसलचे नामवंत अभियंते होते आणि मुलानेही तोच व्यवसाय करावा अशी त्यांची इच्छा होती. अखेर वैद्यकावर तडजोड झाली. केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात वैद्यक शिकता शिकता ब्राउन भाषाही शिकत राहिले. प्राच्यविद्येवर पोट भरत नाही, असा सल्ला त्यांना जाणत्यांकडूनच मिळाला होता. लंडनमध्ये त्यांना मिर्झा मुहम्मद बाकिर नावाचे एक वृद्ध इराणी गुरू भेटले. अनेक पंथ आणि धर्म ओलांडून या गृहस्थांनी इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म यांच्या मिलाफातून स्वतःचा एक वेगळाच मार्ग रचला होता. शिकवणीचा पैसा त्यांना नको असे. आपल्या गूढ कविता आणि कुराणावरचे आपले विवेचन शिष्याने ऐकून घ्यावे, एवढीच त्यांची अट होती. ब्राउन यांनी ते सगळे मन लावून ऐकले. समोरचा माणूस कितीही विलक्षण बोलत असला तरी त्याचे शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे, हे वळण त्यांना तिथे लागले असावे, असे मला वाटते.

1887 साली पेम्ब्रोकची फेलोशिप मिळाली आणि डॉक्टर झालेले ब्राउन इराणला निघाले. त्रेबिझोंद, एर्झुरुम, तब्रीझ, तेहरान, इस्फहान, शिराझ, यज्द आणि किरमान असा त्यांचा प्रवास झाला. युरोपीय प्रवासी सहसा वकिलातीच्या आणि तारखात्याच्या गोऱ्या मंडळींत वावरत असत. ब्राउन मात्र दरवेशांच्या, व्यापाऱ्यांच्या, छळामुळे लपून राहणाऱ्या बाबी या नव्या पंथाच्या लोकांच्या आणि झरतुश्त्री (पारशांचा धर्म पाळणाऱ्या) शेतकऱ्यांच्या बैठकींत रात्र रात्र बोलत बसत. किरमानमध्ये डोळ्यांचे दुखणे असह्य झाले म्हणून त्यांनी अफू ओढली, तिची सवय जडली आणि मग मोठ्या कष्टाने ती सोडावी लागली. हेही त्यांनी आपल्या प्रवासग्रंथात लपवलेले नाही. ‘अ इयर अमंग्स्ट द पर्शियन्स’ हा तो ग्रंथ 1893 साली निघाला तेव्हा फारसा कोणाच्या डोळ्यांत भरला नाही. 1926 साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, त्याची दुसरी आवृत्ती निघाली आणि पुढे तो इंग्रजीतील उत्तम प्रवासवर्णनांत गणला गेला.

त्यांचे मोठे काम म्हणजे फारसी वाङ्मयाचा चार खंडांतील इतिहास. पहिला खंड 1902 साली, दुसरा 1906 साली, तिसरा 1920 साली आणि चौथा 1924 साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडांमध्ये चौदा वर्षांचे अंतर आहे, आणि हा धागा काढण्याचे कारण त्या अंतरात आहे.

1905 च्या डिसेंबरात तेहरानच्या राज्यपालाने साखरेचे भाव वाढवल्याच्या आरोपावरून व्यापाऱ्यांना तळपायांवर फटके मारवले आणि आधीपासून धुमसत असलेला असंतोष उसळला. 1906 च्या उन्हाळ्यात बारा हजारांहून अधिक लोक ब्रिटिश वकिलातीच्या बागेत ‘बस्त’, म्हणजे आश्रय, घेऊन बसले. ऑगस्टमध्ये मुझफ्फरुद्दीन शाहने मजलिस, म्हणजे संसद, स्थापण्याचे फर्मान काढले आणि 30 डिसेंबर 1906 रोजी, मृत्यूच्या काही दिवस आधी, त्याने राज्यघटनेवर सही केली. ज्या ब्रिटनच्या वकिलातीत लोकांनी आसरा घेतला होता, त्याच ब्रिटनने 31 ऑगस्ट 1907 रोजी रशियाशी करार करून इराणची उत्तर रशियाच्या आणि आग्नेय आपल्या प्रभावाखाली घेतली. इराणला कोणी विचारलेही नाही. 23 जून 1908 रोजी नव्या शाहच्या बाजूने कर्नल ल्याखोव्ह या रशियन अधिकाऱ्याच्या कोसॅक पलटणीने मजलिसच्या इमारतीवर तोफा डागल्या.

ब्राउन यांनी या काळात जुन्या कवींची हस्तलिखिते बाजूला ठेवली. 1908 साली लंडनमध्ये पर्शिया कमिटी उभी राहिली, तिच्या उभारणीत ते पुढे होते. त्यांनी वर्तमानपत्रांना पत्रे पाठवली, खासदारांच्या भेटी घेतल्या आणि परागंदा झालेले मजलिसचे तरुण सदस्य तकीजादे यांना केंब्रिजमध्ये ग्रंथसूचीचे काम मिळवून दिले. 1910 साली त्यांनी 1905 ते 1909 या काळातील क्रांतीचा इतिहास लिहिला. 1912 च्या जानेवारीत, ऐन मुहर्रमच्या दहाव्या दिवशी, रशियन सैन्याने तब्रीझमध्ये सिकतुल इस्लाम या धर्मगुरूंना आणि त्यांच्या साथीदारांना फाशी दिले. त्या फाशीची छायाचित्रे ब्राउन यांनी इंग्लंडमध्ये पुस्तिकेच्या रूपात छापली. त्या वेळी रशिया हा ब्रिटनचा मित्र होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या पुस्तिकेचे मोल कळते.

माझा प्रश्न असा आहे. अभ्यासविषयावर इतके प्रेम करणारा आणि त्याच्यासाठी उघडपणे पक्ष घेणारा विद्वान आपल्या विद्येला बळ देतो की तिला बाध आणतो? ब्राउन यांच्या बाबतीत प्रेमामुळे विद्या मोठी झाली, असे माझे मत आहे. ज्यांना ते पटत नसेल त्यांनी सविस्तर लिहावे.

तळटीप

लेख आवडला, परंतु ब्राउन यांच्या वारशाचा सर्वांत टिकाऊ भाग त्यात आलेला नाही, म्हणून भर घालतो.

वाङ्मयाचा इतिहास लिहायचा तर आधी ते वाङ्मय छापलेले हवे. ब्राउन यांच्या तरुणपणी फारसीतील कितीतरी पायाभूत ग्रंथ फक्त हस्तलिखितांत किंवा चुकांनी भरलेल्या शिळाछाप प्रतींत होते. त्यांनी दौलतशाहचे कवींविषयीचे चरित्रसंग्रह 1901 साली आणि औफीचा ‘लुबाबुल अल्बाब’ दोन भागांत, 1903 आणि 1906 साली, संपादून छापून घेतला. औफीचा ग्रंथ हा फारसी कवींविषयीचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना चरित्रसंग्रह असून तो तेराव्या शतकात सिंधमध्ये रचला गेला, ही गोष्ट आपल्या उपखंडाच्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याहून मोठे काम गिब स्मारक निधीतून झाले. गिब हे तुर्की काव्याचे अभ्यासक 1901 साली अकाली वारले. त्यांचा उस्मानी काव्याचा इतिहास एकच खंड छापून झाला होता. उरलेले खंड मित्राच्या कागदांवरून ब्राउन यांनी सिद्ध केले. स्वतःचा इतिहास अर्धा असताना दुसऱ्याचा पुरा करून देणारे विद्वान फार नसतात. गिब यांच्या मातोश्रींनी मुलाच्या स्मरणार्थ ठेवलेल्या रकमेतून ग्रंथमाला सुरू झाली. निजामी अरूझीचा ‘चहार मकाला’, शम्स-इ-कैसचा छंदःशास्त्रावरील ‘अल-मुअजम’, जुवैनीचा मंगोलांचा इतिहास ‘तारीख-इ-जहांगुशा’ असे ग्रंथ या मालेत निघाले.

या सर्वांमागे मिर्झा मुहम्मद कझवीनी हे इराणी पंडित होते, हे ठळकपणे सांगायला हवे. ते 1904 साली लंडनला आले आणि लंडन-पॅरिसच्या ग्रंथालयांत बसून प्रत्येक पाठ पारखत राहिले. पाश्चात्य विद्वानाच्या नावाखाली पौर्वात्य पंडिताचे श्रम गाडले जाण्याची उदाहरणे आपण भारतात पुष्कळ पाहिली आहेत. इथे तसे झाले नाही. ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर कझवीनींचे नाव संपादक म्हणून आहे आणि ब्राउन यांनी आपल्या लेखनात त्यांचे ऋण जागोजागी मांडले आहे. पक्ष घेण्याविषयी बोलायचे, तर मला तो पक्ष इथेही दिसतो.

सह्याद्रीपार

मी थोडे विरोधी लिहिणार आहे, गैरसमज नसावा.

ब्राउन यांचा इतिहास मी विद्यार्थिदशेत वाचला आणि त्यातील प्रेमाची ऊब मला जाणवली होती. पण प्रेम करणारा माणूस काय वगळतो, तेही बघावे लागते. पहिली गोष्ट फिरदौसीच्या शाहनामा या महाकाव्याची. इराणी माणूस ज्या काव्याला आपल्या भाषेचा आधारस्तंभ मानतो, ते ब्राउन यांना मनापासून कधीच भावले नाही. ‘मुअल्लकात’ या प्राचीन अरबी कवितांच्या पंक्तीला ते क्षणभरही बसू शकत नाही, असे त्यांनी दुसऱ्या खंडात लिहिले. महाकाव्याचा आस्वाद घेण्याची शक्तीच आपल्यात कमी असावी, अशी प्रांजळ कबुलीही त्यांनी सोबत दिली आहे. ती कबुली मला मोलाची वाटते, परंतु तिने उणीव भरून निघत नाही.

दुसरी गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. ब्राउन यांनी हा इतिहास ‘इराणचा’ म्हणून लिहिला, त्यामुळे भारतात रचले गेलेले प्रचंड फारसी वाङ्मय बहुतांशी त्याच्या परिघाबाहेर राहिले. वास्तविक सोळाव्या आणि सतराव्या शतकांत फारसीचे किती मोठे कवी दिल्ली, आग्रा आणि दख्खनच्या दरबारांत होते! तुर्शीझचा जुहूरी अहमदनगरला आला, निजामशाहीच्या बुऱ्हाणशाहाला त्याने आपले ‘साकीनामा’ अर्पण केले आणि पुढे विजापुरास दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या आश्रयाला राहिला. फिरिश्त्यानेही आपला इतिहास विजापुरातच लिहिला. अहमदनगर आणि विजापूर या नावांनी आपले मन हलते, पण ब्राउन यांच्या नकाशात ती कडेला पडतात.

सोळाव्या शतकापासून इराणवर राज्य करणाऱ्या सफवी घराण्याच्या काळात इराणमध्ये मोठे कवी का झाले नाहीत, असा प्रश्न त्यांनी कझवीनींना पत्राने विचारला होता. सफवी राजांनी शिया धर्मशास्त्राला उत्तेजन दिले आणि काव्याला व सूफी विचाराला वाळीत टाकले, अशा आशयाचे उत्तर आले आणि ब्राउन यांनी ते चौथ्या खंडात उद्धृत केले. परंतु त्याच काळात कवी भारताकडे चालले होते आणि काव्य आटले नव्हते, हे आपण इथून अधिक स्पष्टपणे पाहू शकतो. त्यांनी शिबली नोमानींच्या ‘शेरुल अजम’ या उर्दू ग्रंथाचा भरपूर आधार घेतला आणि त्याची मोकळेपणाने स्तुती केली, हे खरे आहे. म्हणजे भारतातील विद्वानांविषयी त्यांना अनादर नव्हता. तरीही इराणवरील प्रेमाने त्यांच्यापुरते फारसीचे घर लहान केले, असे मी म्हणेन.

जुने दप्तर

@सह्याद्रीपार, आपला दुसरा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. शाहनाम्याच्या बाबतीत एवढेच म्हणतो की, न आवडलेल्या ग्रंथाविषयी ‘मला आवडला नाही’ असे सांगण्याचे धैर्य इराणमित्र म्हणवणाऱ्याला अधिक लागते. तिथे त्यांनी मित्रांना खूष करण्यासाठी स्तुती केली नाही.

दर्यावर्दी

मूळ प्रश्न राजकारणाचा होता, म्हणून त्याच्याविषयी लिहितो.

ब्राउन इराणला आयुष्यात एकदाच गेले, तेही वर्षभरासाठी, आणि 1888 नंतर त्यांनी ती भूमी पुन्हा पाहिली नाही. राज्यघटनेच्या क्रांतीचा इतिहास त्यांनी केंब्रिजमध्ये बसून, मित्रांची पत्रे, वर्तमानपत्रे आणि परागंदा लोकांच्या कथनावरून लिहिला. हे मित्र बहुतेक सर्व घटनावादी होते. त्यामुळे त्या पुस्तकात क्रांतीचा एक पक्ष उजेडात आहे आणि दुसरा, विशेषतः तेहरानच्या शेख फजलुल्लाह नूरींसारख्या विरोधी धर्मगुरूंचा विचार, पुरेसा आतून समजून घेतलेला नाही. पुढच्या इतिहासकारांना तो भाग नव्याने लिहावा लागला. पक्ष घेतल्याची ही किंमत आहे.

आणखी एक गोष्ट मला अनेक दिवस अस्वस्थ करते. ब्राउन 1902 पासून केंब्रिजमध्ये अरबीचे प्राध्यापक होते. त्यांच्या हाताखाली पूर्वेकडील देशांत जाणाऱ्या वकिलाती आणि मुलकी नोकऱ्यांतील तरुणांना भाषा शिकवल्या जात. रीडर बुलार्ड हे त्यांतलेच एक विद्यार्थी. 1941 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत सैन्ये इराणमध्ये शिरली, तेव्हा तेहरानमध्ये ब्रिटनचे प्रतिनिधी हेच बुलार्ड होते. 1907 च्या कराराविरुद्ध ज्यांनी जिवाचे रान केले, त्यांच्याच शिष्याच्या कारकिर्दीत त्याच दोन सत्तांनी इराणवर पुन्हा पाऊल ठेवले. शिष्याच्या कृत्यासाठी गुरूला दोषी धरावे असे मी म्हणत नाही. पण साम्राज्याच्या विद्यापीठात बसून साम्राज्याचा निषेध करणाऱ्याचे शिकवणे शेवटी कोणाच्या कामी येते, हा प्रश्न आपल्या चर्चेत असायला हवा.

उदवाडा

मी पारशी कुटुंबातली आहे, मुंबईत वाढले आणि लिहिते मराठीतच. यज्दच्या प्रकरणांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते.

ब्राउन 1888 साली यज्दला पोचले, तेव्हा तेथील झरतुश्त्री समाजाच्या अंगावर मळकट पिवळे कपडे असणे बंधनकारक होते. त्यांना घोड्यावर बसण्याची मनाई होती आणि गाढवावरून जातानाही मुसलमान समोर आला तर उतरावे लागे. ब्राउन एका झरतुश्त्री व्यापाऱ्याच्या बागेत राहिले, दस्तुरांशी, म्हणजे धर्मगुरूंशी, बोलले आणि या लोकांची सचोटी व त्यांच्यावरील जाच यांविषयी त्यांनी इतक्या आपुलकीने लिहिले आहे, की माझ्या आजीच्या तोंडच्या गोष्टी त्या पानांवर मला पुन्हा भेटल्या.

या समाजाची स्थिती थोडी सुधारली होती त्याचे कारण मुंबईत होते. मुंबईच्या पारशांनी 1854 साली माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणला पाठवले. शाळा उघडणे, दख्मे (मृतदेह ठेवण्याचे मनोरे) दुरुस्त करणे, दरबारात अर्ज करणे अशा कामांत त्यांची उरलेली हयात गेली आणि झरतुश्त्रींवरील जिझिया 1882 साली रद्द झाला. ब्राउन यांच्या वारशाशी माणेकजींचा आणखी एक संबंध आहे. बाबी पंथाचा इतिहास फारसीत लिहवून घ्यावा ही कल्पना माणेकजींचीच. त्यांच्या सांगण्यावरून मिर्झा हुसेन हमदानी यांनी ‘तारीख-इ-जदीद’ लिहिला. याच ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर ब्राउन यांनी 1893 साली केले. म्हणजे ब्राउन यांच्या बाबींवरील संशोधनातील एका मुख्य साधनाला मुंबईच्या पारशी पंचायतींच्या जगातून आलेल्या माणसाची प्रेरणा होती. धर्माने परका असूनही दुसऱ्या छळलेल्या पंथाचा इतिहास लिहून ठेवावा असे माणेकजींना वाटले, याचा मला अभिमान वाटतो.

कोरा कागद

एक शंका. बाबी आणि बहाई या विषयावर ब्राउन यांनी जे लिहिले त्यावर बहाई मंडळी नाराज आहेत, असे वाचले होते. नेमके काय झाले होते?

तळटीप

@कोरा कागद, थोडक्यात सांगतो. शिराझच्या सय्यद अली मुहम्मद यांनी 1844 साली स्वतःला ‘बाब’, म्हणजे द्वार, म्हणून घोषित केले आणि 1850 साली तब्रीझमध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. अनुयायांचा भयंकर छळ झाला. गोबिनो या फ्रेंच लेखकाच्या 1865 सालच्या पुस्तकात ही हकीकत वाचून तरुण ब्राउन भारावले होते. पुढे बाबींत फूट पडली. बहुसंख्य लोक बहाउल्लाह यांच्यामागे गेले आणि थोडे लोक त्यांचे सावत्र भाऊ सुब्ह-इ-अझल यांच्याकडे राहिले. ब्राउन यांनी 1890 साली सायप्रसला जाऊन सुब्ह-इ-अझल यांची आणि पॅलेस्टाइनमधील अक्काजवळ जाऊन बहाउल्लाह यांची भेट घेतली. बहाउल्लाह यांच्या भेटीचे त्यांनी केलेले वर्णन बहाई समाज आजही आदराने वाचतो.

नाराजी आहे ती 1910 साली त्यांनी छापलेल्या ‘नुक्ततुल काफ’ या बाबी पंथाच्या इतिहासामुळे. त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अझली, म्हणजे सुब्ह-इ-अझल यांच्या, बाजूकडे झुकते माप दिले गेले आणि ग्रंथाच्या कर्तृत्वाविषयी व पाठाविषयी वाद उभा राहिला. या ठिकाणी ब्राउन यांची बाजू घेण्याची वृत्ती पुन्हा दिसते. फुटीत जो पक्ष एकाकी आणि दुबळा ठरला, त्याच्याकडे त्यांचे मन झुकले. प्लेव्हनाच्या वेळी झुकले होते तसेच.

नाडीपरीक्षा

व्यवसायाने डॉक्टर आहे, फारसी येत नाही; तरी ब्राउन मला एका छोट्या पुस्तकामुळे माहीत आहेत. 1919 आणि 1920 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये त्यांनी चार व्याख्याने दिली आणि ती 1921 साली ‘अरेबियन मेडिसिन’ या नावाने छापली. ‘अरबी वैद्यक’ हे अरबी भाषेमुळे अरबी. ते लिहिणारे राझी, अली इब्न अब्बास मजूसी आणि इब्न सिना हे तिघेही इराणी मुलखातले, हे त्यांनी उदाहरणांसह मांडले.

त्यात ‘चहार मकाला’तील इब्न सिनाची एक गोष्ट येते. एक तरुण काही केल्या बरा होत नसतो. इब्न सिना त्याच्या नाडीवर बोटे ठेवून बसतो आणि गावाची माहिती असलेल्या माणसाला एकेक मोहल्ला, मग एकेक गल्ली, मग घरे आणि शेवटी घरातल्या माणसांची नावे उच्चारायला सांगतो. एका नावाला नाडी दचकते. रोग प्रेमाचा आहे हे त्यावरून कळते. व्याख्यानाला बसलेल्या इंग्रज डॉक्टरांसमोर ही गोष्ट ठेवताना, तिच्यात निदानाची एक शिस्तशीर रीत आहे हे ब्राउन यांना दिसले, कारण ते स्वतः रुग्णालयात उभे राहून शिकले होते. वैद्यकाची ती वर्षे वाया गेली नाहीत.

रुबाई

माझा विषय खय्याम आहे, म्हणून तेवढेच लिहिते. फिट्झजेराल्डच्या इंग्रजी रुबायांनी युरोप वेडा झालेला असताना ब्राउन यांनी आपल्या दुसऱ्या खंडात खय्यामला त्याच्या काळात परत नेऊन बसवले. तो प्रथम गणिती आणि खगोलवेत्ता होता आणि त्याच्या नावावर असलेल्या कित्येक रुबाया इतर कवींच्या संग्रहांतही सापडतात, हे रशियन पंडित झुकोव्हस्की यांनी 1897 साली दाखवले होते. ब्राउन यांनी ते संशोधन इंग्रजी वाचकांच्या पुढे ठेवले.

आपल्याकडे माधव जूलियन यांनी याच काळात फारसीचा ध्यास घेतला होता. त्यांचा फारसी-मराठी कोश 1925 साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने काढला आणि खय्याम त्यांनी फिट्झजेराल्डवरूनही मराठीत आणला आणि मूळ फारसीवरूनही. मराठीतला खय्याम मूळ फारसीला भिडलेला आहे, ही गोष्ट मराठी वाचकांना पुरेशी ठाऊक नाही. कागद, दफ्तर, अर्ज, जमीन, रवाना, पेशवा, फडणवीस हे शब्द रोज तोंडी असणाऱ्या आपल्या समाजात फारसी शिकणारे इतके थोडे उरावेत, याचे मला फार वाईट वाटते.

अनुस्वार

नोकरीनिमित्त काही काळ तेहरानमध्ये होतो. विद्यापीठाला लागून ‘एडवर्ड ब्राउन’ नावाचा एक रस्ता आहे. 1979 च्या क्रांतीनंतर शहरातील पाश्चात्य नावांच्या पाट्या झपाट्याने उतरल्या. ब्रिटिश वकिलातीजवळचा चर्चिल रस्ता बदलून त्याला बॉबी सँड्स या आयरिश उपोषणकर्त्याचे नाव दिले गेले. ब्राउन यांची पाटी राहिली. पुस्तकाच्या दुकानांकडे जाताना मी अनेकदा त्या रस्त्यावरून गेलो आहे, आणि एका इंग्रजाचे नाव तिथे अजून आहे याचा दरवेळी अचंबा वाटे. @दर्यावर्दी यांच्या आक्षेपाला हे उत्तर नव्हे, पण ज्यांच्यासाठी त्यांनी पक्ष घेतला त्यांनी तो लक्षात ठेवला, एवढे निश्चित.

जुने दप्तर

सर्वांचे मनापासून आभार. @दर्यावर्दी, बुलार्ड यांच्याविषयीचे आपले म्हणणे मी दोन दिवस मनात घोळवले. क्रांतीच्या इतिहासात एक बाजू अधिक उजेडात आली, हे मी मान्य करतो. मात्र त्या पुस्तकात ब्राउन यांनी मूळ कागदपत्रे, तारा, फर्माने आणि घटनेची कलमे भाषांतरांसह छापली आहेत. त्यामुळे त्यांच्याशी मतभेद असणाऱ्या नंतरच्या इतिहासकारांनाही आपली मांडणी त्याच कागदांवरून करता आली. 1914 साली त्यांनी तर्बियत यांच्या यादीच्या आधारे इराणी वृत्तपत्रांची जी सूची काढली, तिच्यातही हेच दिसते. साडेतीनशेहून अधिक पत्रांची नोंद तिच्यात आहे आणि त्यांतली कितीतरी काही महिन्यांतच बंद पाडली गेली होती. त्या यादीला जोडून त्यांनी त्या काळातील राजकीय कविता मूळ फारसीसह दिल्या. बागशाहमध्ये गळा आवळून मारलेल्या मिर्झा जहांगीर खान या संपादकावर त्यांचे सहकारी देहखुदा यांनी लिहिलेली, ‘स्मरण ठेव’ असे पुन्हा पुन्हा विनवणारी शोककविता त्यांतलीच. हाफिजच्या गझलांना जी संपादकीय काळजी मिळते, ती एका निर्वासित पत्रकाराच्या ताज्या कवितेला देणे हा पक्ष घेण्याचाच प्रकार होता, आणि तो मला विद्येच्या बाहेरचा वाटत नाही.

@उदवाडा, माणेकजी आणि ‘तारीख-इ-जदीद’ यांचा संबंध माझ्या लेखात यायला हवा होता. आपण दिलेली माहिती मी मूळ लेखाच्या खाली आपल्या नावाने जोडतो आहे. मुंबईशी आणखी एक नाते सांगतो. ब्राउन यांच्या इतिहासाच्या तळटीपांतून मुंबईच्या शिळाछाप प्रतींचे उल्लेख सतत येतात. खांदमीरचा ‘हबीबुस्सियर’ ते 1857 सालच्या मुंबईच्या आवृत्तीवरून वापरत. इराणचा इतिहास केंब्रिजमध्ये लिहिला जात असताना टेबलावर मुंबईत छापलेली पाने होती.

ज्यांनी ब्राउन वाचलेले नाहीत त्यांनी इतिहासाच्या खंडांपासून सुरुवात करू नये. प्रवासग्रंथातील यज्द आणि किरमानची प्रकरणे आधी वाचावीत, मग पहिला खंड घ्यावा.

@तळटीप, कझवीनींविषयी आपण लिहिले त्याला एक जोड देतो. 1924 च्या अखेरीस ब्राउन यांना हृदयविकाराचा झटका आला, 1925 च्या जूनमध्ये त्यांच्या पत्नी वारल्या आणि 5 जानेवारी 1926 रोजी ते स्वतः गेले. जुवैनीच्या इतिहासाचे दोन खंड तोवर, 1912 आणि 1916 साली, निघाले होते. तिसरा खंड कझवीनींनी आणखी अकरा वर्षे पाठ जुळवत 1937 साली पुरा केला आणि तो त्याच गिब मालेत प्रसिद्ध झाला.